सवय 'सुटली' म्हणजे नेमकं काय झालं? – संस्कार, वासना आणि झाकोळलेलं ज्ञान

टिपणवही (धागाकर्ता)

योगसूत्रांवर मराठीत बोलायला बसलं की पहिली अडचण शब्दांचीच येते. 'संस्कार' म्हटलं की आपल्याला शुभंकरोती आणि उन्हाळी संस्कारवर्ग आठवतात. 'वासना' म्हटलं की भलतंच. 'क्लेश' म्हणजे त्रास, 'विकल्प' म्हणजे पर्याय. पतंजलींच्या शास्त्रात या चारही शब्दांचे अर्थ वेगळे आहेत. रोजचे अर्थ डोक्यात ठेवून सूत्रं वाचली की सगळंच 'मन चांगलं ठेवा' छापाचं वाटायला लागतं. म्हणून आधी शब्द साफ करून घेऊ.

वृत्ती म्हणजे चित्तात या क्षणी उठलेला तरंग: दिसणं, आठवणं, चुकीचं समजणं, झोपसुद्धा. सूत्र १.६ मध्ये (पहिला पाद, सहावं सूत्र; पुढचे आकडेही असेच) पाच सांगितल्या आहेत – प्रमाण (खरं ज्ञान), विपर्यय (चुकीचं ज्ञान), विकल्प, निद्रा, स्मृती. प्रत्येक वृत्ती विझताना मागे जो ठसा ठेवते तो संस्कार. तो मुळात 'चांगला' किंवा 'वाईट' नसतो, ठसा एवढंच. व्यासभाष्यात, म्हणजे सूत्रांवरच्या व्यासांच्या जुन्या टीकेत (३.१८ वर), संस्कारांचे दोन गट केले आहेत. स्मृती आणि क्लेश यांना कारण होणारे ते वासनारूप, आणि फळ द्यायला थांबलेले ते धर्माधर्मरूप, म्हणजेच कर्माशय. सवयीच्या चर्चेत आपलं काम पहिल्या गटाशी. विकल्प म्हणजे नुसत्या शब्दांमागे धावणारं, समोर वस्तू नसलेलं ज्ञान. आणि क्लेश म्हणजे दुःख नव्हे, दुःखाची पाच मुळं: अविद्या, अस्मिता ('मी'पणा), राग, द्वेष, अभिनिवेश (मरणाची भीती). यातला 'राग'ही आपला संतापाचा राग नाही बरं का, ती आसक्ती. आपल्या रागाला तिथे द्वेषात जागा आहे.

आता यंत्र कसं चालतं ते. भाष्य १.५ वर म्हणतं की वृत्ती संस्कार घडवतात, संस्कार वृत्ती उठवतात आणि हे वृत्तिसंस्कारचक्र अहोरात्र फिरत राहतं. एक उदाहरण जवळून बघू. जेवण झालं. हात धुतले. खिशातून डबी निघाली. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखावर चुना, उजव्या अंगठ्याने मळणं, वर दोन थापा, उडालेली भुकटी फुंकणं, खालच्या ओठात बार. या पाऊण मिनिटात समोरच्याशी पावसापाण्याच्या गप्पा चालूच असतात. 'आता मी तंबाखू खाणार आहे' असा विचार एकदाही उठलेला नसतो. डबीचं झाकण उघडणारा अंगठा कोणाच्या हुकमाने चालला?

भाष्याचं उत्तर ३.१५ वर आहे, आणि माझ्या मते आख्ख्या विषयाची किल्ली तिथे आहे. चित्ताचे धर्म, म्हणजे गुणधर्म, दोन प्रकारचे. परिदृष्ट, म्हणजे जाणिवेत उमटणारे, आणि अपरिदृष्ट, म्हणजे न दिसणारे. न दिसणारे सात: निरोध, धर्म, संस्कार, परिणाम, जीवन, चेष्टा, शक्ती. ते असतात हे फक्त अनुमानाने कळतं. धुरावरून विस्तव ओळखावा तसा अंगठ्यावरून संस्कार ओळखायचा. त्यामुळे 'मी आत डोकावून बघितलं, मला तलफ वगैरे काही नाही' याला पुरावा म्हणून किंमत नाही. संस्कार डोकावून दिसायची वस्तूच नव्हे.

मग सवय 'सुटली' कधी म्हणायची? सूत्र २.४ क्लेशांच्या चार अवस्था सांगतं. प्रसुप्त: नुसत्या बीजरूपाने पडून, समोर आलंबन (त्याला जागं करणारी वस्तू) आलं की जागा होणारा. तनू: प्रतिपक्षभावनेने, म्हणजे विरुद्ध बाजूचं चिंतन करून, हडकलेला. विच्छिन्न: दुसऱ्या कशाने तरी मध्येच तुटलेला, पुन्हा उठणारा. उदार: या क्षणी विषयावर ताव मारत असलेला. भाष्य याखेरीज पाचवी अवस्था सांगतं, दग्धबीज, भाजलेलं बी. ते मातीत घातलं तरी उगवत नाही.

लोक 'सुटली' म्हणतात तेव्हा नव्वद टक्के वेळा ती विच्छिन्न असते (आकडा अंदाजाचा, भांडू नका). चर्चा या पाच अवस्थांवर व्हावी.

---

कोपरा

लेख आवडला, पण दोन शंका.

१. हे सगळं आजचं मानसशास्त्रही सांगतं: खूण, कृती, बक्षीस. त्यालाच संस्कृत नावं दिल्याने काय साधलं? २१ दिवस केलं की सवय लागते, २१ दिवस टाळलं की सुटते, संपलं.

२. शीर्षकात 'झाकोळलेलं ज्ञान' आहे. सवयीचा आणि ज्ञान गढूळ होण्याचा संबंध कुठे आला? तंबाखू खाणाऱ्याला तंबाखू तंबाखूच दिसते की.

---

भाष्यकार नव्हे

कोपरा, दुसरी शंका चांगली आहे, तिथूनच सुरू करतो.

खिशात फोन थरथरल्याचा भास. हात खिशात जातो, बघावं तर काही नाही. कधीकधी फोन समोर टेबलावर असतो आणि मांडीवर थरथर जाणवते! आता यात स्पर्श खोटा नाही. पँटचं कापड मांडीला घासलं किंवा स्नायू जरासा उडाला. त्या खऱ्या स्पर्शावर 'फोन वाजला' हे ज्ञान बसलं. सूत्र १.८ विपर्ययाची व्याख्या करतं ती अशी: 'मिथ्याज्ञानम् अतद्रूपप्रतिष्ठम्', वस्तूचं जे रूप नाही त्यावर उभं राहिलेलं ज्ञान. भाष्यातलं उदाहरण दोन चंद्र दिसण्याचं आहे. एकच चंद्र आहे हे कळलं की दोन चंद्रांचं ज्ञान बाधित होतं.

आता बघा, हा भास कोणाला होतो? ज्याच्या खिशात दिवसभर फोन थरथरतो त्यालाच. म्हणजे संस्काराने कृती तर करवलीच, वर प्रत्यक्ष ज्ञानाच्या आत शिरून स्पर्शाचा अर्थही बदलला. सवय आणि गढूळ ज्ञान या दोन गोष्टी नाहीतच. एकाच ठशाचं एक टोक हाताकडे जातं, दुसरं डोळ्याकडे.

आणि तंबाखू तंबाखूच दिसते का? डबीत पानांचा चुरा आहे हे बरोबर दिसतं. पण त्याच्यासोबत 'हे घेतलं की बरं वाटेल' हेही जणू त्या चुऱ्याचाच गुण असल्यासारखं दिसतं. हे सूत्र २.५. अविद्या चार ठिकाणी उलटं दाखवते: अनित्यात नित्य, अशुचीत शुची, दुःखात सुख, अनात्म्यात आत्मा. डबीच्या बाबतीत तिसरं पक्कं लागू आहे. तलफेची अस्वस्थता आणली त्या डबीनेच, आणि ती तात्पुरती शमली त्याला 'सुख' नाव. भाष्य मुद्दाम सांगतं की अविद्या म्हणजे ज्ञानाचा अभाव नव्हे. 'अमित्र' म्हणजे मित्र नसणं नव्हे, चक्क शत्रू. तशी अविद्या ही रिकामी जागा नसून एक वेगळंच, उलटं ज्ञान आहे. म्हणून ती माहिती ओतून भरता येत नाही.

विपर्यय आणि अविद्या यांची गल्लत मात्र करू नये. फोनचा भास एका क्षणाचा, खिशात हात घातला की बाधित झाला. अविद्या हे शेत आहे, २.४ मध्ये शब्दच 'क्षेत्र' आहे. बाकीचे चार क्लेश त्यात उगवतात. फोनचा भास आज खोटा ठरला तरी उद्या पुन्हा होतो, कारण बाधित झाली ती वृत्ती. ठसा तसाच आहे.

अवांतर: सांख्यकारिकेत (सांख्य दर्शनाचा जुना ग्रंथ) विपर्ययाचे पाच भेद आणि त्यांचे पोटभेद ८, ८, १०, १८, १८ असे मिळून ६२ मोजलेत. चुकण्याच्या बाबतीत आपले पूर्वज फार शिस्तशीर.

---

टिपणवही

+१. कोपरा यांच्या पहिल्या शंकेबद्दल: खूण-कृती-बक्षीस हे चित्र चूक नाही, फक्त तीन पायांचं आहे. ४.११ चार पाय सांगतं: हेतू, फल, आश्रय, आलंबन. वासना या चारांवर तोलून आहेत, हे चार गेले की त्याही जातात. आलंबन म्हणजे तुमची 'खूण', समोर येऊन वासना जागी करणारी वस्तू. फल म्हणजे 'बक्षीस'. आश्रय म्हणजे अजून काम न संपलेलं, ओढ शिल्लक असलेलं मन. आणि हेतू? भाष्य तिथे सहा आऱ्यांचं चाक मांडतं. धर्मातून सुख, अधर्मातून दुःख, सुखातून राग, दुःखातून द्वेष, त्यांतून खटपट, त्या खटपटीत कोणाचं भलं कोणाचं वाईट, म्हणजे पुन्हा धर्म-अधर्म. हे सहा आरे फिरवणारी अविद्या. डबी फेकून दिली तर आलंबन गेलं, बाकी तीन जागेवर. म्हणून हात आठवड्याभरात सुपारीकडे वळतो.

२१ दिवसांचं म्हणाल तर सूत्रांत असा आकडा कुठेच नाही. १.१४ मध्ये अभ्यास पक्का व्हायला तीन अटी आहेत: दीर्घकाळ, खंड न पडता, आदराने. तिन्ही एकदम. रविवारी दीड तास बसून सोमवार ते शनिवार काही नाही, यात दुसरी अट पडते. रोज बसून घड्याळाकडे डोळा, यात तिसरी.

---

निंबोणी

एक गोष्ट डोक्यात बसत नाही. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर कर्करोगाचं चित्र असतं. खाणारा ते रोज बघतो, वाचतो, खोटं आहे असंही म्हणत नाही. म्हणजे त्याची प्रमाणवृत्ती ठीकठाक आहे. मग योगाच्या हिशोबाने हे खरं ज्ञान खोट्या ज्ञानाला हटवत का नाही? दोन चंद्रांच्या वेळी तर लगेच हटवलं.

---

भाष्यकार नव्हे

निंबोणी, हा प्रश्न धाग्यातला सर्वांत अवघड आहे. दोन पायऱ्यांत सांगतो.

पहिली: १.५ प्रमाणे कुठलीही वृत्ती क्लिष्ट (क्लेशांना पोसणारी) किंवा अक्लिष्ट (न पोसणारी) असू शकते. खरं ज्ञान आपोआप अक्लिष्ट ठरत नाही. 'चित्र खरं आहे' हे कळून त्यातून 'आपलं काही खरं नाही आता' अशी भीती उठली आणि भीती घालवायला बार भरला, असं सर्रास होतं. ज्ञान प्रमाण, पण त्याने द्वेष आणि अभिनिवेशाला खाद्य पुरवलं.

दुसरी: चित्र हे आगम, शब्दाधारित ज्ञान. १.४९ म्हणतं की ऐकीव ज्ञान आणि अनुमान यांचा विषय सामान्य असतो, विशेष नसतो. 'तंबाखूने कर्करोग होतो' हे सामान्य. 'आत्ता, या तळहातावर, हा चुरा' हे विशेष. संस्कार विशेषाचा आहे: ही डबी, ही वेळ, हा वास. सामान्य ज्ञानाची धार विशेषावर चालत नाही. दोन चंद्रांचा भ्रम हटतो कारण तिथे दोन्ही ज्ञानं त्याच एका चंद्राबद्दल असतात.

पुढचंच सूत्र १.५० सांगतं की समाधीतल्या प्रज्ञेतून जन्मणारा संस्कार इतर संस्कारांना अडवतो. म्हणजे ठशाला अडवायला ठसाच लागतो. नुसती माहिती ठशापर्यंत पोचत नाही.

---

पहाटगार

सगळे सूत्रांवर बोलताहेत, मी करण्यावर बोलते. वर्गात लोक विचारतात तेव्हा मी या क्रमाने सांगते.

आधी सात दिवस फक्त वही. सवय थांबवायची नाही. प्रत्येक वेळी चार रकाने भरायचे, टिपणवहींनी दिलेलेच. आलंबन: काय दिसलं, कशाचा वास आला, किती वाजता, हातात काय होतं. आश्रय: मन त्या वेळी कसं होतं, सुस्त, उधळलेलं की बरं. फल: काय मिळेल असं वाटलं आणि दहा मिनिटांनी प्रत्यक्षात काय मिळालं, दोन्ही. हेतू: यातलं राग कुठे, द्वेष कुठे. इथे हमखास चुकतं ते असं की लोक आलंबनाच्या रकान्यात 'टेन्शन' लिहितात. टेन्शन हे आलंबन नाही, ते सामान्य झालं. 'दुपारी पावणेदोन, डबा धुऊन बेसिनपाशी, शेजारच्याने डबी उघडल्याचा टक आवाज' हे आलंबन. आठवड्यानंतर वहीत पंधरा नोंदी असतील तर आलंबनं तीन-चारच निघतात.

मग अवस्था ठरवायची. उदार असेल तेव्हा, म्हणजे डबी हातात असताना, तत्त्वज्ञान चालत नाही. तिथे श्वास. सूत्र १.३४, प्रच्छर्दन आणि विधारण: श्वास नाकाने जाणीवपूर्वक बाहेर सोडणं आणि आवरणं. सूत्रात आकडे नाहीत. शिकवताना मी ४ अंक आत, ८ अंक बाहेर, अशी १० आवर्तनं देते. साधारण दोन मिनिटं होतात. पाठ ताठ, दोन्ही नाकपुड्या, तोंड बंद. ८ ला दम लागून पुढचा श्वास हापसून घ्यावा लागत असेल तर ३ आणि ६ करा. हापसलात की परिणाम उलटा, मन आणखी उधळतं. बाहेर श्वास रोखणं पहिले काही आठवडे नकोच. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर अजिबात नको.

विच्छिन्न असेल तर शोधायचं की प्रवाह कुठे वळलाय. भाष्य म्हणतं की राग उफाळलेला असताना क्रोध दिसत नाही, म्हणून तो नाही असं होत नाही. डबी सुटून बडीशेपेच्या वाट्या रिकाम्या व्हायला लागल्या, किंवा घरच्यांवर ओरडणं वाढलं, तर सवय सुटली नाही, पत्ता बदलला.

प्रसुप्त असेल तर आलंबन समोर येईपर्यंत कळतच नाही. लग्नाची पंगत, गावची जत्रा, जुने मित्र. तिथे आधीच ठरवून जावं.

तनू करण्याचं साधन म्हणजे क्रियायोग, म्हणजे तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान (२.१, २.२), आणि प्रतिपक्षभावन (२.३३). दुसऱ्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण त्याचं सगळ्यात जास्त वाटोळं झालंय.

---

पहाटगार

प्रतिपक्षभावन म्हणजे 'वाईट विचार आला की चांगला विचार करा' असं सर्रास सांगतात. २.३४ नीट वाचलं तर तिथे करायला सांगितलेलं काम हिशोबाचं आहे. वितर्क (हिंसा, असत्य वगैरे) तीन प्रकारे होतो: स्वतः केलेला, करवलेला, अनुमोदन दिलेला. कारणं तीन: लोभ, क्रोध, मोह. तीव्रता तीन: मृदू, मध्य, अधिमात्र. ३ गुणिले ३ गुणिले ३ म्हणजे २७. भाष्य मृदू-मध्य-अधिमात्रात पुन्हा तीन-तीन करून हिंसेचे ८१ भेद मोजतं.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर लावून बघा. पार्किंगवरून कोणाला तरी टोमणा टाकला: कृत. स्वतः गप्प राहून त्याचा स्क्रीनशॉट तापट सभासदाला पाठवला, तो बरोबर तुटून पडला: कारित. तिसऱ्याच्या खोचक संदेशावर मुकाट अंगठा टेकवला: अनुमोदित. माणूस रात्री म्हणतो, 'मी आज कोणाला काही बोललो नाही.' कृताचा रकाना रिकामा आहे एवढंच खरं, उरलेले दोन भरलेत. हा हिशोब मांडला की 'याचं फळ दुःख आणि अज्ञान, अंत नसलेलं' हे सूत्राचं शेवटचं वाक्य त्या विशिष्ट अंगठ्याला लावायचं. भाष्याने तर सोडलेलं पुन्हा धरणाऱ्याला ओकलेलं चाटणाऱ्या कुत्र्याची उपमा दिलीय. गोड बोलण्याचं काम नाही ते.

खरं तर सूत्राचा रोख यम-नियमांच्या आड येणाऱ्या वितर्कांवर आहे. तंबाखूला लावायचं तर शौच, संतोष आणि तप यांच्या बाजूने लावावं लागेल, थोडा विस्तार करून. मला तो चालतो. भाष्यकार नव्हे यांचा आक्षेप असेल तर सांगावा.

---

भाष्यकार नव्हे

आक्षेप नाही. एक पुरवणी मात्र. 'उदार असताना श्वास' हे बरोबर, पण १.३४ त्या सूत्रमालेत येतं ते चित्तप्रसादनाचा, म्हणजे मन निवळवण्याचा, उपाय म्हणून, आणि त्यात 'वा' आहे. श्वास नाहीतर दुसरं काही, अशी मुभा आहे. त्याच्या आधी १.३३ येतं: सुखी माणसाशी मैत्री, दुःखीवर करुणा, पुण्यवंताबद्दल आनंद, अपुण्याची उपेक्षा. व्हॉट्सॲपच्या उदाहरणाला हेच पहिलं औषध. तिथली 'उपेक्षा' म्हणजे तुच्छता नव्हे, हात न घालणं.

---

कोपरा

बरं, मुद्दा पटत चाललाय, पण आता उलट बाजूने विचारतो. योग म्हणजे 'चित्तवृत्तिनिरोध'. निरोध म्हणजे रोखणं. मग सवय दाबून धरली तर तो योगच झाला ना? आणि दाबलेलं आत जाऊन बसतं हे तर फ्रॉइडनेही सांगितलं. म्हणजे अबोध मन आणि संस्कार एकच.

---

टिपणवही

दोन्ही नाही म्हणेन.

दाबणं: ३.९ वरच्या भाष्यात एक फार नेमकं वाक्य आहे. व्युत्थानाचे (चित्त बाहेर धावतं त्या अवस्थेचे) संस्कार हे प्रत्ययरूप, म्हणजे जाणिवेच्या रूपाचे नाहीत, म्हणून प्रत्यय रोखला तरी ते रोखले जात नाहीत. दात-ओठ खाऊन बार न भरणं म्हणजे एक वृत्ती अडली. ठशाला धक्का नाही. उलट 'मी दाबतोय' या झटापटीत दहा वेळा डबी आठवली, म्हणजे दहा स्मृती आणि त्यांचे दहा संस्कार. सूत्रातला निरोध असा चालत नाही. तिथे निरोधाचाही संस्कार तयार होतो आणि क्षणाक्षणाने एक दबतो, दुसरा वर येतो. ते ठसे साठले की ३.१० प्रमाणे शांत वाहणं सुरू होतं. भाष्याने १.१२ वर चित्ताला दोन्ही दिशांनी वाहणारी नदी म्हटलंय. वैराग्याने एका बाजूचा ओघ अडवायचा आणि अभ्यासाने दुसऱ्या बाजूचा मोकळा करायचा. नुसता बांध घातला आणि पाट काढला नाही तर बांधावरून पाणी जाणारच.

फ्रॉइड: त्याच्याकडे अबोधात जाण्याचं मोठं कारण दडपणूक. इथे संस्कार अपरिदृष्ट आहे तो कोणी दडपला म्हणून नाही, त्याची जातच ती आहे. सायकल चालवण्याचा तोल, मातृभाषेचं व्याकरण, डबीवरचा अंगठा, सगळं त्याच कोठारात. त्यात लाज वाटण्यासारखं काही असायची गरज नाही. (कृष्णाजी केशव कोल्हटकरांनी योगसूत्रांवरच्या आपल्या मराठी विवरणाला 'भारतीय मानसशास्त्र' असं नाव दिलं होतं. ते मला पटतं, पण म्हणून इकडचं मानसशास्त्र आणि तिकडचं जुळं भावंड ठरत नाही.)

---

निंबोणी

मग 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' याचं काय? योगाला मान्य?

---

भाष्यकार नव्हे

योग याहून कडक आहे. मेल्यावरही जात नाही! ४.९: जन्म, देश, काळ मध्ये आले तरी वासनांचा धागा तुटत नाही, कारण स्मृती आणि संस्कार एकाच रूपाचे. भाष्यातलं उदाहरण मांजराचं आहे. शंभर जन्मांनी, दूरच्या देशात किंवा शंभर कल्पांनी मांजराचा जन्म आला तरी पूर्वीच्या मांजरजन्मातल्या वासना लागलीच गोळा होतात. पुनर्जन्म मानायचा नसेल तर निदान इतकं घ्या: मधल्या काळाची लांबी हा सवय मेल्याचा पुरावा नाही. पंधरा वर्षं सुटलेली डबी त्याच बेसिनपाशी, त्याच 'टक' आवाजाला पुन्हा हातात येते, तेव्हा मधली पंधरा वर्षं मोजणीत धरली जात नाहीत.

आणि तुम्ही विचारायच्या आधीच दुसरी म्हण घेतो, 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही'. आपण ती हेकट माणसाला टोमणा म्हणून वापरतो. पण दग्धबीजाच्या बाजूने बघितलं तर हीच म्हण चांगली बातमी ठरते. जळालेल्या सुंभाचा पीळ दिसतो, पण त्याने गाठ मारता येत नाही, बोट लावलं की राख. संस्कार दग्ध झालेल्या माणसाच्या लकबी, बोलण्याची ढब, चहात साखर किती हे सगळं तसंच राहू शकतं. फक्त ते त्याला बांधत नाही. त्यामुळे बाहेरून बघून कोणाचा सुंभ जळालाय हे ठरवायच्या भानगडीत पडू नये.

---

पहाटगार

इथे एक ब्रेक लावते, वाचणारे गैरसमज करून घेतील. दग्धबीज हे विवेकख्यातीनंतरचं, म्हणजे पुरुष आणि प्रकृती यांतला भेद स्पष्ट दिसल्यानंतरचं आहे. वही, श्वास आणि प्रतिपक्षभावन यांनी आपण तनूपर्यंत जातो. भाष्याने २.११ वर कपडे धुण्याची उपमा दिलीय. ढोबळ मळ आधी झटकून जातो, बारीक मळाला मागाहून यत्न आणि उपाय लागतो. आपलं बहुतेकांचं काम अजून झटकण्याचं चाललंय.

तिथेही नेहमी होणाऱ्या दोन चुका. पहिली, बरं वाटायला लागलं की वही बंद. ४.२७ सांगतं, विवेकाकडे वळलेल्या चित्तातही फटी असतात आणि त्या फटींतून जुन्या संस्कारांचे प्रत्यय वर येतात. तिथे ही गत, तर दोन महिन्यांच्या साधकाची काय कथा. दुसरी, परत घसरलं की 'माझ्याच्याने होत नाही' म्हणून सगळंच सोडणं. १.३० मध्ये नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, मोजलेत, त्यातला शेवटचा 'अनवस्थितत्व', म्हणजे मिळालेली पायरी न टिकणं. यादीतच आहे ते. अपेक्षित आहे.

आणि त्याच यादीत पहिलं नाव 'व्याधी' आहे. तंबाखूत निकोटीन आहे, सोडल्यावर चिडचिड, झोप उडणं, डोकं दुखणं हे शरीराचं आहे. ते 'संस्कार' म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टर किंवा व्यसनमुक्ती केंद्र गाठा. सोबत वही चालू ठेवा.

---

कोपरा

पहिली शंका मागे घेतो. २१ दिवसही. शेवटचं एक: वही सुरू करायची तर दिवसात कुठल्या वेळी? दिवसभर दर वेळी लिहिणं नोकरीत जमत नाही.

---

पहाटगार

मग दोनच वेळा. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं, दिवसातला एकच प्रसंग, चारही रकाने पूर्ण. आणि सकाळी डोळे उघडल्यावर, फोनला हात लावायच्या आधी, एक ओळ. निद्रा ही वृत्तीच आहे, तिचाही ठसा पडतो, आणि भाष्याने १.१० वर तो ओळखायच्या तीन खुणा दिल्यात. 'सुखाने झोपलो, मन प्रसन्न आहे.' 'नीट झोप नाही, मन भिरभिरतंय.' 'गाढ पण सुन्न झोपलो, अंग जड आहे.' तीनपैकी एक लिहायचं: स, र किंवा त. सत्त्व, रज, तम.

त्या दिवशीच्या रात्रीच्या नोंदीतला 'आश्रय' रकाना या अक्षराशी ताडून बघा. 'त' च्या दिवशी बहुतेकांची आलंबनं लवकर चालू होतात, दुपारची डबी अकरालाच निघते. फोन आधी बघितला तर मात्र अक्षर लिहू नका, रकाना कोरा सोडा. तोपर्यंत झोपेच्या ठशावर दहा नवे ठसे पडलेले असतात आणि लिहाल ते फोनबद्दल असेल.